गळणाऱ्या पाइपाचे उपासक

आपल्याकडे जलवाहिनी फुटली की तिचं पुढचं चरित्र ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी कारंजं उडतं, पोरं भिजून घेतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि खाली ‘हजारो लिटर पाणी वाया’ अशी ओळ. तिसऱ्या दिवशी खड्डा खणतात. त्यानंतर खड्डा हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो आणि पाइपाचं नाव कोणी काढत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात यूरे नावाचं गाव आहे. तिथेही पाइप गळायचा. अनकंपाग्रे नदीच्या खोल घळीच्या काठाकाठाने जुन्या जलविद्युत केंद्राकडे पाणी नेणारा तो पाइप, आणि वयोमानाप्रमाणे जागोजागी पाझरणारा. हिवाळ्यात ते पाझरलेलं पाणी कड्यावरून खाली येता येता गोठायचं. गिर्यारोहकांची नजर त्याच्यावर पडली आणि ते त्या गोठलेल्या गळतीला लोंबकळू लागले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काही मंडळींनी विचार केला, की हा पाइप मनाला येईल तिथे गळतो, हे बरोबर नाही. त्याला शिस्तीत गळायला शिकवलं पाहिजे. मग घळीच्या काठावर वेगळी नळयोजना आली, तोट्या आल्या, शॉवर आले. आज त्या घळीत बर्फाच्या दीडशेहून अधिक वाटा आहेत आणि दर हिवाळ्यात दूरदूरचे लोक विमानाची तिकिटं काढून ती गळती चढायला येतात.

मराठी माणसाचा आणि बर्फाचा संबंध तसा बेताचा. हिमालयात न गेलेल्यांसाठी तो महाबळेश्वरात संपतो. दर थंडीत वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते. कोणीतरी गाडीच्या टपावरून चमचाभर हिमकण खरवडून तळहातावर घेतलेले असतात, त्या तळहाताचा फोटो छापतात, आणि आपण पुण्या-मुंबईत पंख्याखाली बसून तो पाहत ‘काय कडाका पडलाय’ म्हणतो. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला एकदम तीस-चाळीस मीटर उंचीची, निळसर, उभीच्या उभी बर्फाची भिंत दाखवू नये. त्याला आधी खुर्ची द्यावी.

मला ती भिंत भाच्याने दाखवली. भाचा डेन्व्हरला नोकरीला असतो. ठाण्यात होता तेव्हा पावसाळ्यात शनिवार-रविवार पाठीवर दोर टाकून विहिगावच्या धबधब्याला जायचा. सह्याद्रीत धबधब्याशी आपला व्यवहार हा असाच, वरून खाली. डोक्यावर पाणी घ्यायचं, किंचाळायचं, दोराने उतरायचं, आणि खाली आल्यावर कांदाभजी. धबधब्यावर उलटं, खालून वर जायचं हे तिकडे कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण आपला धबधबा क्षणभर थांबत नाही. इथला डिसेंबर ते मार्च थांबून राहतो. एवढ्या एका फरकावर भाच्याने अमेरिकेत दोन कुऱ्हाडी विकत घेतल्या.

“मामा, तू नुसता घळीवरच्या पुलावर उभा राहा. काहीच करायचं नाही,” तो म्हणाला. काही न करण्यासाठी मला जे कपडे चढवण्यात आले, त्यात हात खाली टेकत नव्हते. भाचेसूनेने फोनवर पाहून तापमान सांगितलं, “वीस आहे फक्त.” या देशात थंडी फॅरनहाइटमध्ये सांगतात, त्यामुळे आपल्याला वेळेवर घाबरता येत नाही. वीस म्हटल्यावर मी पुण्यातली नोव्हेंबरची सकाळ डोळ्यांसमोर आणली. ते उणे सात निघालं.

यूरे म्हणजे हजारापेक्षा कमी वस्तीचं गाव. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सातशे मीटर रचले की त्याची बाजारपेठ लागते. चांदीच्या खाणींसाठी वसलं. ज्या यूट जमातीच्या प्रमुखाचं नाव गावाला दिलं, त्या जमातीला १८८१ साली इथून उठवून पलीकडच्या यूटामध्ये धाडलं. नाव तेवढं ठेवून घेतलं. गरम पाण्याचे झरे आहेत. हिवाळा इथे पूर्वी धंद्याच्या दृष्टीने मेलेला असायचा. आता जानेवारीत रस्त्यावर जो दिसेल तो कमरेला लोखंड खुळखुळवत चाललेला असतो.

या खेळाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं तर्कशास्त्र. बहुतेक डोंगर खालून चढतात, वर पोहोचतात, तिथून काहीतरी दिसतं. इथे गाडी लावायची जागा वर आहे, रस्ता वर आहे, चहा-कॉफी वर आहे. बर्फ खाली घळीत आहे. म्हणजे धडधाकट माणूस वर उभा असतो. तो स्वतःला दोराने घळीत सोडून घेतो किंवा पायवाटेने खाली उतरतो. आणि मग जिथे आधीच उभा होता तिथे परत येण्यासाठी अर्धा-पाऊण तास जिवाचं रान करतो. वर आला की आनंदाने दोन्ही हात उंचावतो. मग पुन्हा खाली जातो. मी भाच्याला विचारलं, “अरे, वर काय आहे?” तो म्हणाला, “वर तू आहेस ना.” याच्यावर बोलता येत नाही.

या सगळ्याच्या मागे जी माणसं आहेत, त्यांचं दर्शन मला संध्याकाळी झालं. त्यांना इथे आइस फार्मर म्हणतात, म्हणजे बर्फाचे शेतकरी. दिवसभर चढणारे लोक थकून गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसले, की हे शेतकरी पाना घेऊन घळीच्या काठाने निघतात. एकेक व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडायचा. पाणी धो धो सोडलं तर ते गोठत नाही, उलट आधीचा बर्फ धुऊन नेतं. अगदीच थेंब थेंब सोडलं तर वरच्या वर गोठून छत्र्या होतात आणि खाली काही पोहोचत नाही. वारा कुठून आहे, रात्री पारा किती उतरेल, कालचा थर कसा बसलाय, हे सगळं पाहून तोटी किती फिरवायची ते ठरतं. पहाटेपर्यंत थरावर थर चढतो, सकाळी पाणी बंद, आणि भिंत ताजी.

त्यांतल्या एका शेतकऱ्याने, भाच्याचा मामा भारतातून आलाय म्हटल्यावर, मला तोटी दाखवली. मी तिच्याकडे आदराने पाहिलं. प्लंबर वेळेवर यावा म्हणून आयुष्यभर नवस बोललेला माणूस मी; इथे प्लंबर स्वतःहून, रोज, मध्यरात्री, उणे पंधरात येतो आणि गळती थांबवायला नव्हे, ती नीट चाललीये ना हे पाहायला येतो. शेतकरी असल्यामुळे त्यालाही आभाळाची काळजी आहेच. आपल्याकडचा ढग नाहीत म्हणून काळजीत असतो, हा ढग आले म्हणून. आभाळ झाकलं की रात्र उबदार होते आणि पीक धरत नाही. पाण्याची ओढाताणही आहे. अख्खा हिवाळाभर इतकं पाणी कड्यावर ओतायचं तर ते कुठून तरी यावं लागतं. कर्जमाफीचं मात्र मी विचारलं नाही. पाहुण्याने किती खोलात जावं यालाही मर्यादा आहे.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष चढाई. जागेचं नाव स्कूलरूम, म्हणजे शाळेचा वर्ग, आणि वर्गात गर्दी होती. भाच्याच्या पायांत प्लास्टिकच्या बादलीसारखे कडक बूट, बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे खाली पोलादी दात आणि पुढे आणखी दोन. ते घालून सपाट जागेवर चालता येत नाही, आणि भिंत सोडून दुसरीकडे कुठे उभंही राहवत नाही; त्या माणसाला एकदा कड्याला लावला की तो बरा दिसतो. दोन्ही हातांत आइस अ‍ॅक्स. डोक्याच्या वर एक मारायची, ती रुतली की दुसरी, मग पायांनी लाथा घालत पुढचे दात बर्फात रोवायचे आणि उभं राहायचं. संपूर्ण शरीराचं वजन सेंटिमीटरभर आत गेलेल्या टोकांवर. बाकी सगळा माणूस हवेत.

नवशिका ओळखायचा तो आवाजावरून. जाणत्याचा घाव एकदा पडतो, थप्प. नवशिका त्याच जागी आठ-दहा घाव घालतो, मग हलवून पाहतो, मग विश्वास बसत नाही म्हणून आणखी दोन घालतो. बर्फ फार थंड असला तर ठिसूळ होतो आणि घाव बसला की ताटाएवढी पाटी सुटून खाली येते. तेव्हा वरून ‘आइस!’ असं ओरडायचा शिष्टाचार आहे. खालच्याने मान वर करून ‘कुठे?’ असं बघायचं नाही, हाही शिष्टाचाराचाच भाग आहे. आपल्या स्वभावाला हे दुसरं जड जातं.

भाचेसून खाली उभी राहून ‘बिले’ देत होती, म्हणजे दोर सांभाळत होती. दोर वर खिळ्याच्या कड्यातून जाऊन परत तिच्या हातात. भाचा सुटलाच तर तिने धरायचा. या खेळात खरी थंडी खालच्या माणसाला असते. वरचा घामाने निथळत असतो, खालचा एकाच जागी पाऊण तास उभा राहून हळूहळू भिंतीचा भाग व्हायला लागतो. त्या दोघांचे दोराचे हुकूम इंग्रजीत चालतात. दोराबद्दलची भांडणं मराठीत. “टेक!” वरून. दोर ताणला. “स्लॅक!” दोर सैल. “अगं किती सैल सोडलायस!” “मग म्हणालास कशाला सोड?” “थोडा म्हणालो!” “थोडा कुठे म्हणालास?” घळीत आवाज फार छान घुमतो. शेजारच्या वाटेवरचे दोन जर्मन क्षणभर चढायचे थांबले होते.

अर्ध्यावर भाचा थांबला आणि हात झटकू लागला. मग कपाळ बर्फाला टेकवून त्याने असा काही सूर काढला, की मी पुलाचा कठडा धरला. खाली भाचेसून शांत होती. “काही नाही मामा, बार्फी आलीय त्याला.” या प्रकाराला इथले लोक ‘स्क्रीमिंग बार्फीज’ म्हणतात. झालं असं, की कुऱ्हाडी घट्ट धरून हात सतत डोक्याच्या वर ठेवले की बोटांतलं रक्त ओसरतं, बोटं बधिर होतात. तोवर काही वाटत नाही. मग हात खाली घेतले की रक्त परत येतं आणि येताना अशी कळ घेऊन येतं, की माणसाला एकाच वेळी किंचाळावंसं आणि ओकावंसं वाटतं. दोन-चार मिनिटांत ओसरते. ओसरल्यावर तो माणूस पुन्हा हात वर करतो. पोरांनी गृहपाठ करताना बोटं दुखतात म्हटलं तर आपण डॉक्टरकडे नेतो. हे लोक या दुखण्यासाठी रजा टाकून येतात.

अवघडपणाची प्रतवारी एक ते सातमध्ये करतात. खडकाची प्रत कायम असते, बर्फाची रोज बदलते. सकाळी पाच असलेली वाट दुपारपर्यंत चारवर येते, कारण आधीच्या लोकांनी घाव घालून भोकं पाडून ठेवलेली असतात आणि मागून येणारा आपली कुऱ्हाड त्यांत नुसती अडकवत जातो. संध्याकाळच्या गप्पांत मात्र सगळे जण सकाळचीच प्रत सांगतात.

आता थोडं हत्यारांविषयी, कारण या खेळाचा इतिहास मला शूरांपेक्षा कारागिरांचा वाटतो. पूर्वी बर्फाच्या उतारावर वाटाड्या कुऱ्हाडीने पायऱ्या खोदायचा आणि साहेब त्यावरून चालायचे. १९०८ च्या सुमाराला ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज इंजिनिअरने दहा दातांचे क्रॅम्पॉन आखले. ते घडवले इटलीतल्या कुर्मायोरच्या आंरी ग्रिव्हेल या लोहाराने. १९२९ मध्ये त्याच्या मुलाने, लॉरेंटने, पुढे दोन दात वाढवले, आणि माणूस बर्फाकडे तोंड करून सरळ उभा चढू लागला. पायऱ्या खोदणाऱ्यांचा रोजगार त्या दोन दातांनी कुरतडला. मग १९६०च्या दशकात अमेरिकेत इव्हॉन शुइनार्ड आला. हाही स्वतःच्या हाताने ऐरणीवर लोखंड ठोकणारा. त्याने कुऱ्हाडीच्या सरळ चोचीला बाक दिला, त्यामुळे ती मारल्यावर निसटेना. पुढे त्याने पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढली. भाच्याच्या अंगावर तिचंच जाकीट होतं. किंमत ऐकल्यावर बार्फीज म्हणजे काय ते मला चढाई न करता कळलं.

विताली अबालाकोव्ह हा सोव्हिएत गिर्यारोहक, पेशाने इंजिनिअर. १९३६ साली खान तेंग्री शिखरावर हिमदंशाने त्याची बोटं गेली. त्याच्या नावाची एक युक्ती आहे. बर्फात तिरकी दोन भोकं अशी पाडायची की ती आत एकमेकांना भेटतील. त्यांतून नाडीएवढी दोरी ओवायची, गाठ मारायची, आणि तिला स्वतःला लटकवून खाली उतरायचं. भाच्याने हे मला अतिशय प्रसन्न चेहऱ्याने समजावून सांगितलं. मी त्याच्या आईला फोनवर यातलं काहीही सांगितलेलं नाही. तिने हे वाचलं तर ते माझ्याच्याने निस्तरणार नाही.

यूरेच्या डोंगरापलीकडे टेल्युराइड गाव आहे. तिथला ब्राइडल व्हेल धबधबा शंभर मीटरहून उंच. १९७४ साली जेफ लो आणि माइक वाइस हे दोघे तो गोठलेला असताना चढून गेले, आणि अमेरिकेत या खेळाचं नाव झालं. तो बर्फ निसर्गाने केलेला, लटकत्या झुंबरांचा, फुलकोबीच्या गड्ड्यांचा, पोकळ, बेभरवशाचा. पुढे १९९६ मध्ये याच जेफ लोने यूरेत जानेवारीचा बर्फमहोत्सव सुरू केला. म्हणजे ज्याने खऱ्या धबधब्याची भीती पचवली, त्यानेच नळाच्या पाण्याला मान दिला. मला हे मोठेपणाचं वाटतं. २०१५ मध्ये कॅनडाचा विल गॅड आणि त्याच्या मागोमाग सॅरा ह्युनिकेन ही दोघं तर नायगाराच्या कडेचा गोठलेला तुषार चढली. शेजारी उरलेला नायगारा पूर्ण वेगात पडत असताना. आपल्या लडाखात आणि स्पितीतही आता हिवाळ्यात गोठलेले धबधबे चढायला मुलं जातात, त्यांत मराठी मुलंही असतात. तिथे तोटी फिरवणारा कोणी नाही. तिथे जाणाऱ्यांना माझा नमस्कार, लांबून.

यूरेत मात्र मी जवळून पाहिलं, कारण पूल आहे. घळीवरच्या या पुलाने प्रेक्षकांसाठी जी सोय केली आहे, तिला तोड नाही. चढणारा तुमच्या पायाखाली, स्पष्ट दिसणारा, आणि दोन्ही हात गुंतलेला, म्हणजे उलट उत्तर देऊ न शकणारा. पहिली दहा मिनिटं मी गप्प होतो. तेवढ्यात कळलं की सगळे नवशिके एकच चूक करतात: घाबरले की टाचा उचलतात, आणि टाच वर गेली की पुढचे दात बर्फातून सुटतात. मार्गदर्शक दर अर्ध्या मिनिटाला ओरडत होता, “हील्स डाउन!” अकराव्या मिनिटाला मीही म्हणालो, “टाच खाली!” भाच्याने टाच खाली घेतली. विसाव्या मिनिटाला मी शेजारच्या वाटेवरच्या एका अनोळखी बाईंनाही मराठीतून टाचेचं सांगितलं आणि त्यांनीही ती खाली घेतली. माझ्या शेजारी डेन्व्हरच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ उभे होते. त्यांचं मत होतं की मनगट सैल हवं. आम्ही दोघांनी मिळून दुपारपर्यंत सबंध वर्ग घेतला. महोत्सवाच्या दिवसांत हे आणखी रंगत असणार. तेव्हा स्पर्धा असतात, कंपन्या बूट-कुऱ्हाडी वापरून बघायला देतात, लहान मुलांनाही दोर लावून चढवतात. सहा-सात वर्षांची पोरं किंचाळत वर जातात आणि त्यांच्या आया खालून सूचना देतात, ही गोष्ट सर्व संस्कृतींत सारखी आहे.

तेव्हा कोलोरॅडोत कोणाचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतण्या असेल, तर ग्रँड कॅनियन पुढच्या खेपेला ठेवा आणि जानेवारीत यूरे गाठा. डेन्व्हरहून गाडीने सहा तासांच्या आसपास. मोसम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, तोही थंडीच्या मर्जीवर. पारा चढला की तोट्या बंद आणि घळ बंद. कान झाका, हातमोज्यांचे दोन जोड घ्या, तापमान सेल्सिअसमध्ये विचारून घ्या. प्रवेश फुकट आहे. खाली घळीत उतरायचं तर हेल्मेट आणि क्रॅम्पॉन सक्तीचे. पुलावर उभं राहून सूचना द्यायला काहीही लागत नाही.